गोळ्यांची पंगत

नऊ जुलै, सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे, चुडावा. राजेश्रीने तीन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि वर दुधाच्या चहाचा मोठा घोट घेतला. एक गोळी पांढरी नि बारीक, एक लाल, एक खडूच्या तुकड्याएवढी. तिन्ही माझ्या मागच्या नळीतून खाली गेल्या. बारीक पांढरी गोळी माझ्या बदलीवर काम करायला आली होती. पोटात पोहोचताच बाकीच्या दोघींनी तिला धरून ठेवलं आणि तिचा थोडासाच भाग रक्तापर्यंत पोहोचला. लाल गोळी घरात आल्यापासूनचा हा सत्तेचाळिसावा दिवस होता. सत्तेचाळीस दिवस मी हे बघत होते. पण सांगणार कोणाला?

मित्रांनो, मी एक तेहतीस वर्षांची ग्रंथी आहे. राजेश्रीच्या गळ्यात, श्वासनळीला बिलगून राहते. शाळेच्या पुस्तकात माझं नाव अवटू ग्रंथी, दवाखान्यात थायरॉइड. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. आकार फुलपाखरासारखा, असं लोक कौतुकाने सांगतात. फुलपाखराला कामाची वेळ नसते. मला तेहतीस वर्षांत एक दिवस सुट्टी मिळालेली नाही. जागा मात्र मोक्याची आहे. राजेश्री जे गिळते ते माझ्या मागून जातं, जे बोलते ते माझ्या वरून निघतं. त्यामुळे मला सगळं कळतं. आणि मला तोंड नाही, म्हणून माझा जीव जळतो.

माझा जन्म गळ्यात झाला नाही. राजेश्री सोनपेठकडच्या तिच्या आईच्या, बायनाबाईच्या, पोटात जेमतेम महिन्याची असताना मी तिच्या जिभेच्या मुळाशी एका ठिपक्याएवढी उगवले. तिथून घसरत घसरत सातव्या आठवड्यात गळ्याशी आले. आल्या आल्या कामाला लागले असं मात्र नाही. मला माझी भट्टी पेटवायला आणखी कित्येक आठवडे लागले. तोवर बायनाबाईच्या गळ्यातली ग्रंथी दोघींपुरतं काम करत होती. तिचा माल नाळेतून येत होता आणि त्यावर राजेश्रीचा मेंदू आकार घेत होता. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिच्यात आहे.

माझा माल म्हणजे संप्रेरक. लाळेच्या ग्रंथीला लाळ सोडायला नळी असते. मला नळी नाही. मिठातलं आयोडीन घेऊन मी संप्रेरक तयार करते आणि थेट रक्तात सोडते. रक्त ते केसापासून टाचेपर्यंत पोहोचवतं. कोणत्या पेशीने किती वेगाने काम करायचं, अंगात ऊब किती ठेवायची, हृदयाने किती भरभर चालायचं, आतड्यांनी किती रेंगाळायचं, हे त्या मालावर ठरतं. माझ्यावर देखरेख मेंदूखाली बसलेल्या पीयूषिका ग्रंथीची. वाटाण्याएवढी आहे, पण तोंडाची फटकळ. रक्तात माझा माल कमी दिसला की ती मला हाका मारते. पुरेसा झाला की गप्प बसते. छतावरच्या टाकीतला फुगा पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करतो ना, तसंच. तपासणीच्या कागदावर जो आकडा येतो तो तिच्या हाकांचा असतो. लोक कागद बघून म्हणतात, थायरॉइड वाढला. अहो, मी खंगत चालले आहे. वाढलाय तो तिचा आरडाओरडा!

पहिली पंचवीस वर्षं तिला फारसं ओरडावं लागलं नाही. राजेश्री वेळेत चालली, वेळेत बोलली, वेळेत उंच झाली. खो-खोत ती तालुक्याला पळाली तेव्हा वाडीतले लोक म्हणाले, पोरगी विजेसारखी चपळ आहे. मैदानावर ऐनवेळी दचकून उडी मारायला लावली ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी. धावायला साखर पुरवली ती स्वादुपिंडाने. चूल रोज पेटती ठेवली मी. कौतुक कोणाचं झालं? बायनाबाईच्या शेंगदाण्याच्या लाडवांचं. असो.

लग्न होऊन ती चुडाव्याला आली. नवरा बालाजी रोज सकाळच्या पॅसेंजरने परभणीला जातो, बियाणांच्या गोदामात काम करतो. सासरे तात्याराव रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. मनगटावरचं घड्याळ मात्र अजून ड्यूटीवर आहे. सासू सरजाबाई. राजेश्रीला गावातच अंगणवाडी सेविकेची नोकरी लागली. घर बरं होतं. बिघडले ते माझे दिवस. शरीराचे पहारेकरी, जे बाहेरच्या रोगजंतूंवर सोडायचे, तेच मला परकी समजून माझ्यावर तुटून पडले. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. माझी भट्टी थोडी थोडी विझत गेली.

मी खुणा केल्या. एक नाही, दहा केल्या. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात रात्रीसुद्धा भिंती भाजतात, सगळं घर गच्चीवर झोपायचं; त्यात राजेश्री एकटी गोधडी ओढून बसायची. केसांचे पुंजके फणीत यायचे. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजला. सरजाबाई म्हणाल्या, "लय सुस्त झाली बाई ही. नोकरी लागली की माणूस असंच होतं." बालाजी म्हणाला, "वजन वाढलंय, भात कमी कर." तिने भात कमी केला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, बावीस फेब्रुवारीला, अकराव्या आठवड्यात तिचं पहिलं बाळ गेलं.

यावर मी जास्त बोलणार नाही. त्या अकरा आठवड्यांत बाळाला द्यायला माझ्याकडे पुरेसा माल नव्हता, एवढं मला ठाऊक आहे. केवळ त्यामुळेच बाळ गेलं का, हे सांगता येत नाही; डॉक्टरांनीही तसं लिहून दिलं नाही. पण त्यानंतर रक्त तपासलं आणि मी सापडले. राजेश्री घरी येऊन म्हणाली, "मला थायरॉइड झालाय." झालाय! मी तीस वर्षं इथेच होते.

मग गोळी सुरू झाली. मी बनवते तेच संप्रेरक, कारखान्यात तयार केलेलं. मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. पण राजेश्री पहिल्या दोन महिन्यांत पाच-सात वेळा गोळी विसरली, आणि तात्यारावांनी ते कॅलेंडरवर टिपून ठेवलं. त्यांची स्वतःची साखरेची गोळी होती, सरजाबाईंची बीपीची. एके दिवशी त्यांनी स्टीलचा डबा मधे ठेवला आणि फर्मान काढलं, "उद्यापासून बालाजीच्या चहाच्या वक्ताला समद्यांनी इथं बसायचं. पाच पन्नासला. ज्याची गोळी त्याच्या हातावर, अन् माझ्यासमोर गिळायची. या घरात पुन्हा गोळी चुकणार न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात गोळ्यांची पंगत बसते. तात्याराव प्रत्येकाच्या तळहातावर गोळी ठेवतात, घड्याळ बघतात आणि म्हणतात, "हां, सिग्नल पडला." मग सगळे एकदम चहाचा घोट घेतात. बालाजीला कसलाच आजार नाही. तो बिस्किट घेऊन बसतो.

माणूस प्रेमाने करतो ते चुकीचं असलं तर त्याला थांबवणं किती अवघड, ते मला तेव्हा कळलं. माझी गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची असते. त्यानंतर तासभर चहासुद्धा नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही होतं. चिठ्ठी डब्याच्या तळाशी होती. चहासोबत गोळीचा काही भाग वाया जायचा, पण रोज तेवढाच जायचा. डॉक्टरांनी नकळत त्याच बेताने डोस बसवला आणि निभावून गेलं. पीयूषिका शांत झाली. राजेश्रीचे केस टिकले. यंदा एप्रिलच्या सव्वीस तारखेला ती पुन्हा गरोदर असल्याचं कळलं. सहावा आठवडा. आकडा दोन पूर्णांक नऊ. तसा ठीक. डॉक्टरांनी तरीही डोस वाढवला, कारण आता दोघांपुरतं काम होतं. एवढं सगळं बरोबर झालं.

मग चोवीस मेपासून लाल गोळी आली. राजेश्रीचं रक्त कमी होतं, लोहाची गरज खरीच होती. एकवीस जूनपासून खडूसारखी कॅल्शियमची आली. तीही गरजेची. तिन्ही गोळ्या चांगल्या घरच्या. पण लोह आणि कॅल्शियम यांच्यासमोर माझी गोळी ठेवली की ती दोघं तिला पोटातच बांधून टाकतात. तात्यारावांच्या डब्यात कप्पे वाढले आणि राजेश्रीच्या तळहातावर तिन्ही एकत्र आल्या.

सात जूनला आकडा सहा पूर्णांक चार. डोस वाढला. पाच जुलैला नऊ पूर्णांक आठ. सोळावा आठवडा. पीयूषिका कानठळ्या बसतील अशी ओरडत होती, आणि मी उरलेल्या चार कोळशांवर फुंकर घालत होते. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा काढला.

"बाई, खरं सांगा. गोळी रोज घेता का?"

"रोज घेते."

"मग हा आकडा काय सांगतोय?"

सोबत आलेले तात्याराव उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, माझ्यासमोर गिळती. एक दिवस खाडा न्हाई. मी साक्षी हाय."

डॉक्टर एकदा सासऱ्याकडे, एकदा सुनेकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्यावर बोटं ठेवली, म्हणाले, "गिळा." राजेश्रीने आवंढा गिळला, मी वर गेले, खाली आले. मित्रांनो, त्या क्षणी मी त्यांच्या बोटांखाली होते! आता विचारा, मी मनात म्हणत होते. घेता का, हे सगळ्यांनी विचारलं. कशी घेता, ते विचारा. डॉक्टरांनी हात पुसला, डोस आणखी वाढवून दीडशे मायक्रोग्रॅम केला आणि पुढचा नंबर पुकारला. बाहेर बाकावर चाळीस माणसं होती. त्यांचाही दोष किती म्हणावा?

आकडा ऐकून घरी सरजाबाईंनी वेगळाच निष्कर्ष काढला. नऊ जुलैच्या ज्या पंगतीपासून मी सांगायला सुरुवात केली, तिच्यात घोट घेऊन झाल्यावर त्या राजेश्रीला म्हणाल्या, "तोंड उघड बरं. जीभ वर कर."

बालाजीचं बिस्किट चहात पडलं. "आई, काय लावलंस हे?"

"काय लावलं म्हंजी? गोळी पोटात जायली तर आकडा का चढायला? पहिलं गेलं, आता हे बी घालवायचं हाय का?"

राजेश्रीने तोंड उघडलं. जीभ वर केली. मग कप विसळायला गेली. गावातल्या सगळ्या गरोदर बायांना ती स्वतः सांगते, माझ्यासमोर गिळा. 

बारा जुलै. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस. सात-आठ गरोदर बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि राजेश्री घोगऱ्या आवाजात समजावत होती, "लाल गोळी चहासंगं घ्यायची न्हाई. जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासंगं. अन् कॅल्शियमची तिच्यासंगं तर अजिबात न्हाई. दोघींचं जमत न्हाई."

"सवतीवाणी का, ताई?" वैष्णवीने विचारलं. वैष्णवी राजेश्रीच्या मागच्या गल्लीत राहते, तिला पाचवा महिना होता.

"सवतीवाणीच."

"मग एक इचारू? राग मानू नका. परवा पहाटे मी इरजण मागायला आले तवा तुमच्याकडं पंगत बसली होती. तुमी तर दोन्ही सवती एकाच घोटात गिळल्या की! वरून चहा. अन् तिसरी एक बारकी बी होती."

बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, "सासऱ्याच्या राज्यात सवती बी गोडीनं नांदत असतील." राजेश्रीही हसली, मग हातातली लाल गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून बघू लागली. जे ती महिन्याला दहा जणींना शिकवत होती, ते स्वतःच्या घरी लागू होतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरची पंगत ही तिच्या लेखी औषध घेण्याची पद्धत नव्हतीच. तो घरचा नेम होता. नेमाला कोणी तपासत नाही.

लस टोचून झाल्यावर तिने पूर्ण्याच्या दवाखान्यात दर महिन्याला तिची तपासणी करणाऱ्या अर्पिता सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, थायरॉइडची गोळी लाल गोळीसंगं घेतली तर चालती का?"

पलीकडे रजिस्टरची पानं उलटली. मग, "किती दिवस झाले?"

"मे महिन्यापासून."

"चहासोबत?"

"चहासोबत. कॅल्शियम बी."

"अहो ताई! मग दीडशेचा डोस काय, गोणीभर घेतल्या तरी काय उपयोग? इतक्या वेळा विचारलं तुम्हाला!"

"तुमी इचारलं घेता का. मी म्हणलं घेते."

 मला तोंड असतं तर मी त्या फोनमध्ये ओरडले असते. मग सिस्टरनी शांतपणे सांगितलं: बारीक गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत, तासाभराने चहा, लोह आणि कॅल्शियम किमान चार तासांनंतर आणि तीही एकमेकींपासून लांब. डोसाचं डॉक्टरांना विचारून कळवते. आता गोळी पूर्ण पोहोचली तर दीडशे जास्तही होईल, आणि जास्त झालेलंही बाळाला बरं नाही.

संध्याकाळी तात्याराव ओट्यावर डब्याचे कप्पे भरत होते. राजेश्री समोर बसली.

"मामा, उद्यापासून मी पंगतीत बसणार न्हाई."

"तोंड उघड म्हणलं म्हणून राग आला का?" आतून सरजाबाईंनी विचारलं.

राजेश्रीने सगळं सांगितलं. सावकाश, अंगणवाडीत सांगते तसं. तात्यारावांच्या बोटांत लाल गोळ्यांची पट्टी होती, ती तशीच राहिली.

"म्हंजी औषध मीच वाया घालवलं म्हण."

त्यांनी पट्टी डब्यावर ठेवली.

"पहिल्या येळी गोळी नव्हती म्हणून गेलं. या येळी मी होतो म्हणून जाईल का?"

"मामा," राजेश्री म्हणाली, "अजून काई गेलं न्हाई."

तात्याराव घड्याळ बघून बोटांवर तास मोजू लागले. मग उठले, खडू आणला आणि दारामागच्या भिंतीवर लिहिलं: ४.४५ बारीक, साधं पाणी. ५.५० चहा. १२.०० जेवण. २.०० लाल, लिंबूपाणी. रात्री जेवणावर कॅल्शियम. खाली एक रेघ ओढली. "टाइमटेबल बदललं. बालाज्या, तू तुझं बिस्किट घेऊन कुठं बी बस."

 दुसऱ्या दिवशी सरजाबाईंनी चहा चुलीपाशी उभ्यानेच घेतला. राजेश्रीची त्यांनी नंतरही कधी माफी मागितलेली मी ऐकली नाही; मात्र तोंड उघड, हे पुन्हा म्हणाल्या नाहीत.

सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर आठव्या दिवशी सोनपेठहून बायनाबाईंचा फोन. "नुसत्या पाण्यासंगं गोळी उष्ण पडंल गं, बारकं लेकरू हाय पोटात. दुधासंगं घे." पुन्हा दूध! राजेश्री "बरं आई" म्हणायच्या बेतात होती. तात्यारावांनी फोन हातातून घेतला. "बायनाबाई, दूध न्हाई. या लाइनीवर पाच पन्नासच्या आत फकस्त पाणी जातंय."

मित्रांनो, मी तक्रारखोर आहे असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. गळ्यात, पोटात, मेंदूखाली, मूत्रपिंडांवर आम्ही सगळ्या गुपचूप बसलेल्या असतो. आमच्या कामाचा आवाज येत नाही. काम बिघडलं की माणूस आळशी झाला असं म्हणतात. तुमच्या घरात कोणी भर उन्हाळ्यात गोधडी ओढत असेल, तर आधी त्याला नावं ठेवू नका, रक्त तपासा. आणि कोणी गोळी घेत असेल तर घेता का एवढ्यावर थांबू नका. कशी घेता, कधी घेता, कशासोबत घेता, ते विचारा. चिठ्ठीवरचं बारीक अक्षर कोणाकडून तरी वाचून घ्या. विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

डॉक्टरांनी डोस सव्वाशेवर आणला आणि चार आठवड्यांनी तपासायला सांगितलं. सव्वीस जुलैला एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाची वाढ दिवसांप्रमाणे आहे. मेंदूचं काय, असं राजेश्रीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिसतंय ते ठीक आहे. बाकीचं आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. बाळाच्या गळ्यात माझ्यासारखीच एक आता कामाला लागली असेल. तिला किती दिवस उपाशी राहावं लागलं, ते तिचं तिलाच माहीत.

आज नऊ ऑगस्ट. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी परभणीला राजेश्रीचं रक्त घेतलं. आकडा तीनच्या आत यायला हवा. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस भरले. पीयूषिकेच्या हाका गेल्या आठवड्यापासून कमी झाल्यासारख्या वाटतात, पण त्या किती कमी झाल्या हे मला मोजता येत नाही. रिपोर्ट उद्या संध्याकाळी सहानंतर मिळेल, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं आहे.